टेबलावर उतरणारे युद्धपट

छोट्या मूर्ती मांडून टेबलावर लढाया खेळणाऱ्यांना युद्धपटांतून बरेच प्रसंग मिळतात. ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाच्या नियमांत २८ मिलिमीटर उंचीच्या शिपायाची रायफल २४ इंच मारते. या मूर्ती साधारण १:५६ मापाच्या असतात. गुणाकार केला तर ते अंतर जेमतेम ३४ मीटर भरतं, आणि खरी रायफल तर कित्येकशे मीटर मारायची. नवा खेळाडू इथे हमखास अडखळतो. पण कुठलाही युद्धपट लावून बघा. पडद्यावरही दोन्ही बाजू तीस-चाळीस मीटरवरूनच एकमेकांवर गोळ्या झाडत असतात, कारण दोघांना एकाच चौकटीत बसवायचं असतं. टेबलाची आणि कॅमेऱ्याची अडचण एकच आहे. म्हणूनच प्लाटूनएवढ्या (तीस-चाळीस सैनिकांच्या) चकमकी सिनेमातून जवळजवळ जशाच्या तशा टेबलावर येतात. मोठ्या लढायांचं तसं नाही. तिथे सिनेमातून प्रसंग घ्यावा, अंतरं मात्र नकाशावरून घ्यावीत.

माझ्या यादीत ‘झुलू’ (१९६४) सगळ्यांत वर आहे. २२ आणि २३ जानेवारी १८७९ रोजी रोर्क्स ड्रिफ्टच्या ठाण्यावर सुमारे १५० ब्रिटिश सैनिकांनी तीन ते चार हजार झुलू योद्ध्यांना रात्रभर थोपवलं. टेबलाला हा प्रसंग इतका मानवतो, कारण जागा लहान आहे, तिच्या सीमा स्पष्ट आहेत आणि त्या आकसत जातात. आधी मक्याच्या पोत्यांची बाहेरची भिंत, मग बिस्किटांच्या पेट्यांची आतली रांग, शेवटी पोत्यांचाच रचलेला बुरूज. बचाव करणाऱ्याला प्रत्येक फेरीत एकच प्रश्न पडतो: ही भिंत आता सोडायची की अजून एक हल्ला झेलायचा? असा प्रश्न सतत उभा ठेवणारे प्रसंग फार थोडे असतात.

संख्या जशीच्या तशी घेऊ नका. एक मूर्ती म्हणजे चार माणसं धरली तर ३६ लाल डगलेवाले ब्रिटिश पुरतात, पण त्याच हिशेबाने झुलू साडेसातशे ते हजार होतात. त्यापेक्षा १२ मूर्तींचे ८ गट, म्हणजे ९६ झुलू घ्या आणि संपलेला गट पुन्हा कडेवरून आणा. इथेच खेळ बिघडतो. गट परत येऊच दिले नाहीत तर पाचव्या फेरीपर्यंत मैदान मोकळं होतं. प्रत्येक फेरीत आपोआप येऊ दिले तर बचावाला काही आशाच उरत नाही. एक फेरी रिकामी जाऊ द्यायची, मग प्रत्येक गटासाठी फासा टाकायचा आणि ४ किंवा जास्त पडल्यावर तो आणायचा, हे प्रमाण बरोबर बसतं. बाराव्या फेरीअखेर आतल्या रांगेत एक तृतीयांश शिपाई उभे असतील तर ब्रिटिश जिंकले. किती झुलू पडले याचा निकालाशी संबंध ठेवू नका.

सिनेमात झुलूंच्या हातात मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश रायफली आहेत, त्याच दिवशी आधी इसांडलवानाच्या लढाईत ब्रिटिशांना हरवून हस्तगत केलेल्या, असं दाखवलंय. ते चूक आहे. रोर्क्स ड्रिफ्टवर आलेले योद्धे इसांडलवानाच्या मुख्य लढाईत उतरलेच नव्हते, ते राखीव फळीतले होते. ठाण्यालगतच्या शियाने टेकडीवरून झालेला गोळीबार बहुतेक जुन्या बंदुकांचा होता. त्यामुळे टेकडीवरच्या झुलूंना फक्त ६ पडल्यावरच नेम लागावा. त्यांना चांगल्या रायफली दिल्या तर बचाव करणारे भिंतीमागेच टिपले जातात आणि हातघाईची वेळच येत नाही. दारूगोळ्याचा नियम मात्र जरूर घाला. ठाण्यातल्या सुमारे २०,००० काडतुसांपैकी अखेरीस ९०० च्या आसपास उरली होती. शेवटच्या तीन फेऱ्यांत गोळीबार करणाऱ्या प्रत्येक गटाने एक फासा टाकावा. १ पडला तर पुढच्या फेरीत त्या गटाकडे फक्त संगीन.

पोत्यांची भिंत घरी करता येते. दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीची ६ मिलिमीटर जाडीची वळकटी करा, १२ मिलिमीटरचे तुकडे कापा, बोटाने किंचित दाबा आणि विटांसारखे सांधे चुकवत रचा. उंची २० ते २२ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा मीटर. त्याहून वर गेलात तर मूर्तीचं डोकंही दिसत नाही आणि कुणाला आडोसा आहे, कुणाला नाही यावर वाद होतात. हवेत वाळणारी माती स्वस्त पडते, पण ती वाळताना आकसते आणि पट्टीवरून निखळते. ३ मिलिमीटर एमडीएफच्या १० सेंटिमीटर लांब पट्ट्यांवर भिंत उभारा. लांब पट्ट्या कोपऱ्यावर वळत नाहीत आणि भिंतीला पडलेलं खिंडारही दाखवता येत नाही.

दुसरा सिनेमा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८), पण त्यातला समुद्रकिनारा टेबलासाठी घेऊ नका. ओमाहाचा तो किनारा पडद्यावर थरारक आहे, टेबलावर मात्र एका खेळाडूने मूर्ती पुढे सरकवायच्या आणि दुसऱ्याने त्या उचलून ठेवायच्या एवढंच उरतं. शेवटची पुलाची लढाई घ्या. रॅमेल हे गाव काल्पनिक आहे, त्यामुळे रचनेत हवी तेवढी मोकळीक मिळते. अमेरिकनांकडे दोन मशीनगन, घंटाघरातला नेमबाज, मोज्यांत स्फोटकं भरून केलेले चिकट बॉम्ब आणि मागे पूल. जर्मनांकडे पन्नासेक माणसं आणि चिलखती गाड्या. टेबल चार फूट बाय चार फूट पुरतं.

चुका होतात त्या रस्त्यांच्या मापात. १:५६ मध्ये टायगर या जड जर्मन रणगाड्याची रुंदी ६६ मिलिमीटर आणि नळी सोडून लांबी ११३ मिलिमीटर भरते. कर्ण १३० मिलिमीटरचा. म्हणजे ज्या चौकात रणगाडा वळावा अशी अपेक्षा आहे तो १४ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर मॉडेल अडकतं, आणि खेळाडू घरं सरकवायला लागतात. मुख्य रस्ता १२ सेंटिमीटर, गल्ल्या ६ ते ७. गल्लीत रणगाडा शिरूच नये, कारण चिकट बॉम्बवाल्यांना तीच जागा हवी असते. ढिगाऱ्यांचे तुकडे सुटे ठेवा, चिकटवू नका. खेळाच्या ओघात घर कोसळलं की ते लागतात.

एक इतिहासाची बाब. सिनेमा जून १९४४ मधल्या नॉर्मंडीत घडतो, आणि तिथल्या अमेरिकन आघाडीवर त्या दिवसांत टायगर नव्हते. सिनेमातले टायगर टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या सांगाड्यावर रचलेले आहेत. चाकं बघितली की कळतं. टी-३४ला पाच मोठी सुटी चाकं, खऱ्या टायगरची चाकं एकमेकांत गुंफलेली. ‘केलीज हीरोज’मध्ये (१९७०) हाच प्रकार आहे. इतिहासाला धरून खेळायचं असेल तर दोन स्टुग, म्हणजे जर्मन चिलखती तोफगाड्या घ्या. खेळही सुधारतो, कारण स्टुगला फिरता बुरूज नसल्याने बाजूने गाठता येतं. दोन टायगर दिले तर अमेरिकनांचा खेळ चिकट बॉम्बच्या एका फाशावर येऊन ठेपतो. खरा टायगर पाहायचा तर ‘फ्युरी’ (२०१४) बघा. त्यात ब्रिटनमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयातला टायगर १३१ चालवला आहे, आणि मॉडेल रंगवताना चाकांवरचा चिखल कुठे साचतो हे त्या दृश्यांइतकं चांगलं कुठे दिसत नाही.

रंग मात्र पडद्यावरून उचलू नका. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चं चित्र मुद्दाम फिकं केलेलं आहे. ते बघून रंगवलेली अमेरिकन तुकडी टेबलावर राखाडी दिसते. शिवाय मूर्ती लहान असल्याने खरा रंगही गडदच वाटतो. मूळ हिरवट तपकिरी रंगात तिसरा हिस्सा फिकट खाकी मिसळून वर उठलेल्या भागांवर उठावाचा थर द्या.

‘वॉटर्लू’ (१९७०) हा नेपोलियनच्या शेवटच्या मोठ्या लढाईचा सिनेमा. दिग्दर्शक सर्गेई बोंडार्चुकने सोव्हिएत सैन्याचे सुमारे १५ हजार जवान उभे केले होते, आणि घोडदळाला रोखायला चौकोनात उभ्या राहिलेल्या इंग्रज पायदळाभोवती फ्रेंच घोडदळ घोंगावतंय हे आकाशातून घेतलेलं दृश्य प्रत्येक नेपोलियनकालीन खेळाडूने पाहायलाच हवं. चौकोन एकमेकांच्या माऱ्यात येऊ नयेत म्हणून तिरपे का उभे करायचे, हे ते दृश्य क्षणात समजावून देतं.

इथे २८ मिलिमीटरचा नाद सोडा. ६ मिलिमीटरच्या मूर्ती ६० बाय ३० मिलिमीटरच्या बेसवर घ्या, एक बेस म्हणजे एक बटालियन. साडेपाचशे माणसं दोन ओळींत उभी केली तर आघाडी सुमारे दीडशे मीटर होते, म्हणजे टेबलावरचा १ मिलिमीटर जमिनीवरचे अडीच मीटर. सहा फुटी टेबल साडेचार किलोमीटरचं झालं, आणि वॉटर्लूची आघाडी सुमारे चार किलोमीटरची होती. या हिशेबाने मस्केटचा, म्हणजे त्या काळच्या पायदळाच्या बंदुकीचा, प्रभावी मारा १०० मीटर धरला तर टेबलावर ४ सेंटिमीटर, आणि तोफांचा ९०० मीटर म्हणजे ३६ सेंटिमीटर. लोक मस्केटला १५-२० सेंटिमीटर देऊन बसतात, मग पायदळच तोफखान्याचं काम करायला लागतं आणि घोडदळाला कुठे उभं राहायला जागा उरत नाही.

नेपोलियनचा सेनापती मार्शल ने याची चूक टेबलावर कुणी करत नाही, ही खरी अडचण. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं सैन्य टेकाडामागे सरकलेलं पाहून नेला ती माघार वाटली आणि त्याने पायदळाशिवाय घोडदळ सोडलं. खेळाडूला मात्र वरून सगळंच दिसतं. उपाय दोन. टेकाडामागच्या तुकड्यांच्या जागी फक्त क्रमांकाच्या चकत्या ठेवा, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. आणि पंच नेमा. कुठली चकती खरी हे फक्त त्याला आणि वेलिंग्टनच्या खेळाडूला माहीत असावं. फ्रेंच तुकडी माथ्यावर पोचेपर्यंत चकती उलटायची नाही. स्कॉट्स ग्रेज या ब्रिटिश घोडदळ रेजिमेंटच्या धावेसाठीही नियम हवा: हातघाई जिंकलेल्या घोडदळाने थांबायला ५ किंवा ६ आणायचे, नाही आले तर ते पुढेच धावत सुटतं. सिनेमात त्या रेजिमेंटचं पुढे काय होतं ते बघितलं की हा नियम कुणाला जाचक वाटत नाही.

समुद्रावर खेळणाऱ्यांसाठी ‘मास्टर अँड कमांडर’ (२००३) पुरेसा आहे. २८ तोफांचं ब्रिटिश जहाज सर्प्राइज विरुद्ध ४४ तोफांचं फ्रेंच जहाज अ‍ॅकेरॉन, सरळ मारामारीत सर्प्राइजचा टिकाव नाही. म्हणून तीन गोष्टी नियमांत हव्यातच: धुकं, रात्रीचा फसवा कंदील आणि मागून केलेला मारा. धुक्यात नजर १५ सेंटिमीटरपर्यंतच. सिनेमात कंदील लावलेला तराफा सोडून पाठलाग करणाऱ्याला चकवतात; त्यासाठी दोन सारख्या चकत्या, एकीखाली जहाज, दुसरीखाली तराफा; पाठलाग करणारा २० सेंटिमीटरच्या आत आला की उलटायच्या. शत्रूच्या जहाजाच्या मागच्या टोकावर केलेल्या माऱ्याला दुप्पट फासे द्या, कारण गोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्ख्या डेकवरून जातो. वाऱ्याची दिशा दर तिसऱ्या फेरीला फाशाने ठरवा. दर फेरीला बदलली तर कुणालाच पुढचा विचार करता येत नाही.