रात्रीची खीर आणि पहाटेची ३४ साखर

ग्लुकोमीटरने बाळाच्या रक्तातली साखर ३४ दाखवली, म्हणजे धोक्याइतकी कमी, तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, असं सिस्टरनी सांगितलं. बाळ वीस महिन्यांचं, वजन जेमतेम सात किलो. घरी डोळे फिरवले, हातपाय ताठ केले, म्हणून बापाने लोकमान्य नगरातून तसंच स्कूटरवर आणलं, मागे आजी बाळाला पदरात घट्ट धरून. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी शिरेतून १० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) दिलं, किलोला २ मिली या हिशेबाने, आणि लगोलग ड्रिप सुरू केली. मी आठला वॉर्डात पोचले तोवर बाळसाहेब उठून बसले होते आणि हाताला लावलेली पट्टी दातांनी सोडवायच्या उद्योगात होते.

मी इंदूरमध्ये लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. साखर उतरलेली मुलं बघायची सवय आहे, पण बहुतेक मधुमेहाची, इन्सुलिन जास्त झालेली. हे बाळ वेगळं होतं. सिल्व्हर-रसेल सिंड्रोम. हेन्री सिल्व्हर यांनी १९५३ साली आणि अलेक्झांडर रसेल यांनी १९५४ साली अशा मुलांचं वर्णन केलं, म्हणून हे जोडनाव. पोटात असल्यापासूनच वाढ कमी, कपाळ मोठं आणि पुढे आलेलं, चेहरा त्रिकोणी, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा जराशी लहान, आणि खाण्याच्या नावाने बोंब. बऱ्याच मुलांत अकराव्या गुणसूत्रावरच्या मिथिलेशनमध्ये (जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांमध्ये) फरक सापडतो, काहींत सातव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात. या बाळाचं निदान दुसऱ्या शहरात आधीच झालं होतं. फाईल जाडजूड होती.

अशा मुलांची साखर का पडते? डोकं बाकीच्या शरीराच्या मानाने मोठं, आणि साखर सर्वांत जास्त खातो तो मेंदू. साठा ठेवणारं यकृत लहान, स्नायू बारीक, त्यात दिवसभरात खाल्लेलं चार घास. रात्री आठला जेवून सकाळी सातपर्यंत झोपणं आपल्याला काहीच नाही, पण या मुलांचा साठा तेवढा वेळ पुरत नाही. पहाटे घामाने उशी भिजलेली असते, हे या बाळाच्या आईनेही सांगितलं. म्हणून झोपताना कॉर्नस्टार्च देतात, म्हणजे आपण मंचुरियनला लावतो तेच पांढरं कॉर्नफ्लोअर. अगदी तान्ह्या बाळांना ते पचत नाही, त्यांना ग्लुकोज पॉलिमर, म्हणजे ग्लुकोजच्या छोट्या साखळ्यांची पूड, देतात. साधारण दहा महिन्यांपुढे स्टार्च चालतो. प्रमाण वजनावर आणि तपासण्यांवर ठरतं, म्हणून इथे आकडा मुद्दामच लिहीत नाही. वाचून कुणी घरी चमचे मोजायला नकोत.

गंमत म्हणजे या घरात स्टार्च चालू होता. महिनाभर. फाईलमध्ये लिहिलेलं होतं, आई शपथेवर सांगत होती, आणि तरी ३४.

आईने सकाळच्या साखरेची वही आणली होती. अक्षर सुरेख, शाळेच्या शिक्षिकेचं. ५८, ६१, ५५, मग अचानक १६८, पुन्हा ५७. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा १५९. रात्रभर उपाशी असलेल्या या मुलाची साखर १६८ होणं मला पटेना. तारखा बघितल्या, दोन्ही रविवार.

"रविवारी काय असतं तुमच्याकडे?"

"काही नाही हो. पोहे-जिलेबी आणतात हे कोपऱ्यावरून. सगळ्यांसारखंच."

इंदूरमध्ये हा प्रश्न विचारायचाच नसतो. बाळाच्या हातात जिलेबीचा तुकडा, बोटं पाकाने चिकट, आणि त्याच बोटाला टोचून थेंब घेतलेला. पाकाचा अंश थेंबात मिसळला की मीटर रक्ताबरोबर पाकही मोजतो. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, बोट पाण्याने धुवून कोरडं करावं लागतं. म्हणजे ते दोन बरे दिसणारे आकडे बरे नव्हतेच, आणि बाकीचे सगळे काठावरचे होते. मी वहीत त्या दोन आकड्यांवर काट मारली.

आता प्रश्न स्टार्चचा. आई शाळेतून आल्यावर मुलांच्या वह्या तपासणं, स्वयंपाक, दुसरी मुलगी. बाळाचं रात्रीचं सगळं आजीकडे. मी आजींना म्हटलं, "आजी, रोज करता तसं मला एकदा करून दाखवाल? इथे पँट्रीत सगळं आहे."

आजी खुशीत आल्या. नऊवारीचा पदर खोचला, डबा उघडला, मापाचा चमचा बरोबर सपाट करून घेतला (हे फार थोडे लोक करतात), दुधात कालवलं, आणि पातेलं गॅसवर चढवलं.

आई दारातून म्हणाली, "अहो आई, गरम काय करताय?"

आजींनी उत्तर दिलं नाही. ढवळत राहिल्या. दूध घट्ट होत गेलं, चमच्यामागे वाट पडायला लागली. वेलदोड्याची पूड मागितली, साखर दोन चमचे घातली. झाली खीर. दिसायला सुंदर.

इथेच सगळं होतं. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात, आतड्यात ते हळूहळू सुटतात आणि कित्येक तास थोडी थोडी साखर रक्तात सोडतात. पाण्यात किंवा दुधात शिजवले की कण फुगून फुटतात. मग ते भराभर पचतात आणि मध्यरात्रीच संपतात. वरून घातलेल्या साखरेने इन्सुलिन वाढतं, ते निराळंच. माप बरोबर, वेळ बरोबर, आणि पहाटेला उरलेलं काहीच नाही.

"आजी, हे कच्चंच द्यायचं होतं."

"मला माहीत आहे ना! सूनबाईने सांगितलं होतं. पहिले दोन दिवस कच्चंच दिलं मी. पोट ढोलासारखं फुगलं, रात्रभर कळवळला. तुम्ही नव्हता बघायला. कच्चं पीठ लेकराला कोण देतं हो?"

आई गप्प झाली. मलाही लगेच काही बोलता आलं नाही, कारण आजी खरं सांगत होत्या. कच्च्या स्टार्चने गॅस होतो, पोट फुगतं. म्हणून सुरुवात थोड्या मापाने करून हळूहळू वाढवत नेतात. फाईलमध्ये पहिल्या रात्रीपासून पूर्ण डोस होता आणि पोटाबद्दल एक ओळ नव्हती. ज्या माणसाच्या मांडीवर मूल रात्रभर रडणार आहे त्याला ही ओळ सांगायलाच हवी, नाहीतर ते माणूस स्वतःच्या अकलेने उपाय काढतं. आजींनी काढला.

डॉक्टरांशी बोलून त्या रात्री वॉर्डातच कमी मापाने कच्चा स्टार्च सुरू केला, थंड दुधात ढवळून, साखर नाही. ड्रिप एकदम काढली नाही, टप्प्याटप्प्याने उतरवली. ती झटक्यात थांबवली की साखर पुन्हा खाली जाते. आईला लघवीच्या कीटोनच्या पट्ट्या दाखवल्या. साठा संपत आला की शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि पट्टी जांभळी होते, बहुधा साखर पडायच्या आधीच. सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टीचा रंग बदलला नाही तर रात्र निभावली. हळूहळू माप वाढलं आणि घरी जायच्या दिवशी सकाळी साखर ७९, पट्टी कोरीच. पोट थोडं वाजत होतं, पण झोप झाली होती.

आजींना दोन गोष्टी मात्र जड गेल्या. एक, बेशुद्ध किंवा गुंगीत असलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने साखरपाणी ओतायचं नाही. त्या पहाटे त्यांनी ओतलं होतं, नशीब की ठसका लागला नाही. कुशीवर झोपवायचं आणि हॉस्पिटलकडे निघायचं. दुसरी गोष्ट तुपाची. या मुलांना गुटगुटीत करायला जाऊ नये. भराभर वजन चढवलं तर पुढे इन्सुलिनचे घोटाळे आणि लवकर वयात येणं असे त्रास होऊ शकतात, असं २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही बजावलेलं आहे. "म्हणजे हडकुळाच ठेवायचा?" आजी. मी म्हटलं, हो, जरासा.

जाताना डॉक्टरांनी एक पत्र दिलं, फाईलच्या पहिल्या पानावर लावायला: ताप, उलटी, जुलाब झाले आणि खाणं बंद झालं की घरी वाट न बघता ग्लुकोजच्या ड्रिपसाठी आणावं. त्यात शस्त्रक्रियेचाही उल्लेख होता, कारण बाळाचं एक वृषण खाली उतरलेलं नाही आणि ते ऑपरेशन करावं लागणार आहे. भुलीआधी उपाशी ठेवतात, आणि या बाळाला उपाशी ठेवणं म्हणजे पुन्हा तेच. सर्जननी यादीत पहिला नंबर द्यायचं कबूल केलं. आदल्या संध्याकाळी भरती, रात्रभर ग्लुकोजची ड्रिप, आणि नंतर नीट खायला लागेपर्यंत ती चालूच.

"त्या रात्री पीठ द्यायचं का?" आजींनी विचारलं.

"नाही, त्या रात्री ड्रिपच. पीठ पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील."

त्यांनी सुनेकडून ते वहीत लिहून घेतलं, आणि खाली रेघ मारायला लावली.