पियानोला दुसरं कुणी का बसवत नाही?

मी जाझ गाते आणि गाताना पियानोही स्वतःच वाजवते. असं का, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. याआधीही पुष्कळांनी विचारलंय: कार्यक्रम संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, माझं तोंड उघडं असताना. 'एवढं छान गाता, मग पियानोला दुसरं कुणी का बसवत नाही? समोर येऊन मोकळेपणी उभ्या राहून गा की! गोव्याची गायिका लॉर्ना कशी बँडपुढे उभी राहायची!' आजवर मी हसून 'सवय आहे हो' एवढंच म्हणत आले. ते उत्तर नव्हतं, सुटका होती.

पैशाचं आधी सांगून टाकते, कारण तुम्ही ते मनात धरलेलंच असणार. हो, दोघांची कामं एकीनेच केली की पाकीट वाटावं लागत नाही. मुंबईत लोक ऐकायला म्हणून यायचे अशा जागा आधीच थोड्या होत्या. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा आणखी एक गेली. उरलेल्या ठिकाणी लोक जेवायला येतात आणि आम्ही कोपऱ्यात असतो. त्या कोपऱ्याच्या पैशात गायिका आणि वादक असे दोघे बसत नाहीत. पण नुसतं तेवढंच असतं तर चांगल्या मोठ्या कार्यक्रमांत तरी मी उभी राहिले असते.

दुसरं कारण मी सहसा कुणाला सांगत नाही. लाउंजमध्ये माइक हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे आणि पियानोमागे बसलेल्या बाईकडे बघण्याच्या नजरेत फरक असतो. पियानोमागची बाई कामात दिसते. तिसऱ्या पेगनंतर तिचा हात धरून 'एक डान्स' म्हणायला कुणी येत नाही, कारण हात मोकळेच नसतात. फार तर झाकणावर ग्लास ठेवतात, टिश्यूवर फर्माईश लिहून देतात. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी मला तो आडोसा फार लागायचा. आता लागत नाही असं म्हणावंसं वाटतं, पण आडोसा कधी सोडून पाहिलाच नाही तर कळणार कसं?

तुम्हाला पटेल असं कारण मात्र संगीतातलं आहे. आपल्या मैफलीत पेटीवाला गवयाच्या मागून येतो. गवई जागा घेतो आणि पेटी ती अर्ध्या पावलाच्या अंतराने परत काढते. जाझमध्ये उलटं. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, बऱ्याचदा आधी पडते आणि तुमच्या सुराचा अर्थ ती ठरवते. मी 'जी' धरला आणि खाली सी मेजर असली तर तो पंचम, निवांत. तोच सूर ई फ्लॅट मेजरवर गोड गंधार होतो, ए मायनर सेव्हनवर कोमल निषाद होऊन लोंबकळत राहतो. गळ्याने काहीच केलेलं नसतं! मग हा निर्णय मी दुसऱ्याच्या बोटांवर का सोपवू? शिवाय ओळ कधी सुरू करायची, श्वास किती लांबवायचा, शब्द विसरला तर डावा हात दोन बारांत, म्हणजे मात्रांच्या दोन गटांत, किती वेळ फिरवत ठेवायचा, हे सगळं एकाच डोक्यात असतं. सांगावं लागत नाही, डोळ्यांनी खुणावावं लागत नाही.

अमेरिकन गायिका नीना सिमोनचं उदाहरण मी पूर्वी प्रत्येकाच्या तोंडावर फेकायचे. तिला व्हायचं होतं शास्त्रीय पियानोवादक. १९५४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवायला गेली, तर मालक म्हणाला, नोकरी टिकवायची तर गावंही लागेल. म्हणजे गाणं नंतर आलं, पियानोच्या पोटातून. आणि नॅट किंग कोल? ऑस्कर पीटरसनसारख्या नावाजलेल्या जाझ पियानोवादकाने ज्याचं ऋण मानलं असा पियानोवादक. पन्नासच्या दशकात वाद्यवृंदापुढे उभा राहून गाऊ लागला, घराघरांत पोचला आणि पियानो मागे पडला. 'बघा काय होतं ते,' असं मी म्हणायचे. समोरचा गप्प बसायचा, आणि मला वाटायचं जिंकले.

मग तो कार्यक्रम आला. सभागृह मोठं, कॅमेरे होते, आणि आयोजकांचा एकच हट्ट: गायिका मधोमध हवी. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. पियानोला मडगावचा एक मुलगा बोलावला, माझ्यापेक्षा बराच लहान आणि, खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा बराच चांगला वाजवणारा. तालमीत त्याने पहिलाच प्रश्न विचारला, 'ताई, इंट्रो किती बारचा?' मला उत्तर देता येईना. मी कधी मोजलाच नव्हता. माझा इंट्रो मला गावंसं वाटेपर्यंत चालतो. त्याने मान डोलावली आणि कागदावर 'चार?' लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

कार्यक्रमात पहिल्या गाण्याला माझे हात कुठे ठेवावेत हेच कळेना. डाव्या हातात माइक, आणि उजव्या हाताची बोटं निऱ्यांवर कॉर्ड दाबत होती. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी ते पाहिलं असणार. दुसरं गाणं बॅलड होतं, म्हणजे संथ, हळवं. त्यात पहिल्या ओळीनंतर मी एक लांब जागा रिकामी सोडते, आणि गाण्याचा सगळा जीव त्या रिकाम्या जागेत आहे अशी माझी समजूत. त्या पोराने नेमकी तीच भरली. वरून खाली एक सुंदर, नाजूक लड सोडली. लोकांनी 'वा' म्हटलं. मला त्याची बोटं झाकणात चिरडावीशी वाटली, आणि तसंच हसत पुढची ओळ घ्यावी लागली.

ब्रिजमध्ये, म्हणजे गाण्याच्या मधल्या वेगळ्या चालीच्या भागात, मी शब्द विसरले. नेहमीच्या वेळी डावा हात सांभाळतो. आज डावा हात माइक धरून होता. मी नुसतं वळून बघितलं. त्याने न दचकता आधीचे दोन बार पुन्हा घेतले, मग पुन्हा एकदा, बेसवाल्याला भुवईने सांगितलं, आणि शब्द आले तसा मला आत घेतलं. सभागृहात कुणाला पत्ता लागला नाही. शेवटच्या गाण्यात मी शेवटचा सूर धरला आणि त्याने खाली अशी कॉर्ड टाकली जी मला सुचली नसती. माझा सूर तोच राहिला आणि त्याचं सगळं घराणंच बदललं. अंगावर काटा आला, आणि रागही.

बाहेर आई भेटली. माझ्या मुंबईतल्या बहुतेक कार्यक्रमांना ती येत आलीय. म्हणाली, 'आज पहिल्यांदा तुझा चेहरा दिसला गं. इतकी वर्षं उजवा कानच बघत होते.' पियानोला बसलं की प्रेक्षकांकडे उजवी बाजू येते, ते खरंच. पण मी घरी जाऊन रडले. दोन आठवड्यांनी रेकॉर्डिंग आलं. ऐकायचं टाळत होते, मग एकदा रात्री हेडफोन लावून ऐकलं. ओळी लांब आहेत. मान माइककडे वळवून गाताना जबडा आवळतो, तो इथे सुटलाय. वरचे सूर सरळ लागलेत. आणि ती बॅलडमधली लड, जिच्यावरून मी आठवडाभर धुमसत होते, ती ऐकायला बरी वाटते. बरीच बरी.

आता काय करू? पटलं म्हणू? तर नाही पटलं. त्या रेकॉर्डिंगमधली बाई चांगली गाते, पण ती गाणं सांगते आहे असं मला वाटत नाही. तिला कुणीतरी सुंदर चौकटीत बसवलंय. आणि हे लिहितानाच मला माझा संशय येतो. कौतुकातला अर्धा वाटा दुसऱ्याचा आहे हेच सलत असेल, आणि वर मी सौंदर्यशास्त्र सांगत असेन.

हल्ली नीना सिमोनऐवजी शर्ली हॉर्न आठवते. वॉशिंग्टनची जाझ गायिका. इतक्या संथ लयीत गायची की दुसऱ्या वादकाचा धीर सुटावा, आणि स्वतःच वाजवायची. १९६० मध्ये तिचं गाणं ऐकून प्रसिद्ध ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने तिला न्यूयॉर्कला बोलावलं. मग रेकॉर्ड कंपनीने तिला नुसतं गायला लावलं, पियानो दुसऱ्यांनी वाजवला, आणि ते तिला कधी रुचलं नाही. हे माझ्या बाजूचं झालं. पण म्हातारपणी मधुमेहाने तिचं पाऊल कापावं लागलं, पेडल दाबता येईना. २००३ च्या तिच्या अल्बमवर पियानो इतरांचा आहे, त्यात अहमद जमालही आहे. आणि आवाज? थकलेला, तरी पूर्ण तिचाच. कुणाच्याही बोटांखाली तो तिचाच राहतो. हे कुणाच्या बाजूचं झालं, मला माहीत नाही. तीही पुढे कृत्रिम पाऊल लावून पुन्हा पियानोवर बसलीच.

सध्या तडजोड चालू आहे. तो मुलगा मुंबईत असला की पहिल्या सेटमधली दोन गाणी तो वाजवतो आणि मी उभी राहते. तिसऱ्याला मी त्याला उठवते. तो बिचारा लगेच उठतो, पण त्याने बाक स्वतःच्या उंचीला खाली केलेला असतो. तो फिरवून वर करण्यात माझं अर्धं मिनिट जातं आणि तेवढा वेळ ड्रमरला लोकांशी गप्पा माराव्या लागतात. त्याचे विनोद मला मुळीच आवडत नाहीत.