माझ्याकडे तर चालतंय

गुरुवार, हिंजवडी फेज टू. सहा वाजून गेले होते, म्हणजे वाकडच्या पुलापर्यंत गाड्या तुंबलेल्या. तरी बॅग भरली होती. तेवढ्यात जेनकिन्सवर, म्हणजे सगळ्यांचा जावा कोड एकत्र बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड लाल, म्हणजे फसलेलं. शेवटचा कमिट, म्हणजे कोडमधला बदल, माझा.

"कंपाइल न करताच पुश केलंस का रे?" शेजारच्याने विचारलं. कोड चालण्याजोगा होतो का हे न बघताच वर पाठवला, असा अर्थ. लागलंच मला ते. एक्लिप्समध्ये, म्हणजे मी कोड लिहितो त्या एडिटरमध्ये, एकही लाल रेघ नव्हती, टेस्ट हिरव्या होत्या. मग मेव्हन, हे बिल्ड करणारं साधन, माझ्याच लॅपटॉपवर चालवलं, तर तीच बोंब: 'इन्कम्पॅटिबल टाइप्स, इन्फरन्स व्हेरिएबल टी', पुढे न जुळणाऱ्या बाउंड्सची यादी. थोडक्यात, 'टी' हा कुठल्या टाइपचा, म्हणजे कुठल्या प्रकारचा डेटा, यावरच्या अटी एकमेकींशी जुळत नव्हत्या.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. एक्लिप्स जावाक, म्हणजे जावाचा नेहमीचा कंपायलर, वापरतच नाही, त्याचा स्वतःचा कंपायलर आहे, ईसीजे. मेव्हन मात्र जावाककडे जातो. दोघांचं शास्त्र एकच, जावाच्या स्पेसिफिकेशनचं अठरावं प्रकरण. 2014 मध्ये जावा 8 बरोबर लॅम्डा, म्हणजे बिननावाची छोटी फंक्शन्स, आले आणि टाइप ओळखण्याचे नियम नव्याने लिहिले गेले, ते तिथे आहेत. वाचायला घेतलंत तर चहा सोबत ठेवा.

माझ्या कोडमध्ये एकात एक मेथड होत्या: गट पाडणाऱ्या ग्रुपिंगबायच्या पोटात कलेक्टिंगअँडदेन, त्याच्या पोटात आमचीच एक वाइल्डकार्डवाली जेनेरिक (कुठल्याही टाइपवर चालणारी) मेथड, आणि अगदी आत बिचारा लॅम्डा: 'ओ' घे, तारीख दे. 'ओ' कोण, म्हणजे त्याचा टाइप काय, हे मी लिहिलंच नव्हतं. असा लॅम्डा मेथड निवडताना बाजूला ठेवतात. आधी बाकीच्या आर्ग्युमेंट्सवरून अंदाज बांधायचा, मग लॅम्डाला विचारायचं. पण इथे बाकीच्यांचा टाइपसुद्धा त्याच्याकडूनच कळणार होता. सगळी अज्ञातं एकदम सोडवायची वेळ आली, की दोन कंपायलरांची वाट फुटते. ईसीजेने गोड मानून घेतलं, जावाक अडून बसला. (क्रम लावणाऱ्या कम्पॅरेटर.कम्पॅरिंगमध्ये असाच लॅम्डा देऊन पुढे क्रम उलटा करणारं रिव्हर्स्ड लावा, दोघेही नाकारतात. तिथे 'ओ' नुसता ऑब्जेक्ट, म्हणजे कुठलीही वस्तू, होतो.)

उपाय? कंसात 'ओ'च्या आधी त्याचा टाइप, 'ऑर्डर', लिहिला. बस. टाइप लिहिलेला लॅम्डा आधीपासूनच हिशेबात धरला जातो.

"मग एक्लिप्स चुकतंय?" शेजाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, ग्राहकाकडे जाणाऱ्या जारमधला (तयार प्रोग्रॅमच्या फाइलमधला) कोड जावाक कंपाइल करतो, आपल्यापुरता निकाल लागला.

बिल्ड हिरवं झालं तेव्हा आठ वाजले होते. पूल अजून तुंबलेलाच.