बुडलं तर किती बुडेल?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा धातूच्या कातकामाचा गाळा आहे. अकराशे चौरस फूट, दोन सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), तीन साधे लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि माणसं सात. येत्या दसऱ्याला पंचवीस वर्षं होतील. मुलगी म्हणाली, बाबा, आपली वाटचाल लिहून काढा, छापून गिऱ्हाइकांना देऊ. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. धंदा २००१ साली सुरू झाला हे खरं, पण तो सुरू न करण्याची आठ वर्षं त्याच्या आधीची आहेत आणि मला तीच जास्त आठवतात.

वडील लालबागला कापड गिरणीत होते, साचा खात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले. मी तेव्हा नववीत. तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही आणि वडिलांना गिरणीने परत बोलावलं नाही. लालबागची खोली विकून आम्ही किसन नगरला आलो. वडील पहाटे जांभळी नाक्यावरून भाजी आणून दारोदार विकायचे. त्यांचं मला एकच सांगणं होतं, पगाराची नोकरी धर आणि सोडू नकोस. नोकरीनेच ज्यांना रस्त्यावर आणलं, तेच मला नोकरी धरून बस म्हणत होते. हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं गेली.

आयटीआयचा टर्नर ट्रेड केला, अप्रेंटिसशिप केली आणि १९८७ ला इस्टेटमधल्याच एका कंपनीत लागलो. चौदा वर्षं सेंटर लेथवर काढली. ईएन-२४ पोलादाचा लांब शाफ्ट (दांडा) टेपर न येता, म्हणजे दोन्ही टोकांना सारख्याच जाडीचा काढायचा असेल तर फोरमन मलाच हाक मारायचा. पलीकडच्या लेथवर माझा एक सोबती होता, नाव लिहीत नाही. आम्ही दोघांनी मिळून गाळा घ्यायचा, हे १९९३ ला टपरीवर चहा पिताना ठरलं. माझ्याकडे दोनशे पानी वही होती. दर रविवारी त्यात हिशोब मांडायचो. मशिनचा तास काय रेटने लावायचा, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) किती जॉबला जाईल, वीज किती, हेल्परला काय द्यायचं. वही भरली, दुसरी घेतली.

सहा वर्षं तो विचारायचा, कधी? आणि मी सांगायचो, दिवाळीनंतर. मग मुलीची शाळा, मग पावसाळा, मग बाजार मंदीत आहे. १९९९ च्या मार्चमध्ये त्याने एकट्याने गाळा घेतला. मला आदल्या दिवशी सांगितलं. त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या ओळखीचा मुलुंडचा पंपवाला. त्या दोघांची गाठ मीच घालून दिली होती. बायको म्हणते, त्याने तुमचं काही चोरलं नाही, तुम्ही सहा वर्षं थांबवून ठेवलंत त्याला. मला आजही ते पूर्ण पटत नाही. एक शब्द टाकून, पंपवाल्याला माझ्यासमोर विचारून पुढे गेला असता तर वेगळं होतं.

मात्र त्याने गाळ्याचं सांगितलं त्या रात्री एक गोष्ट मला कबूल करावी लागली. पैसे बुडतील ही माझी खरी भीती नव्हती. ज्या शॉपमध्ये मला उस्ताद म्हणतात, त्याच शॉपच्या गेटवर सहा महिन्यांनी पुन्हा नोकरी मागायला उभं राहावं लागलं तर? हेल्पर पोरं बघतील, फोरमन बघेल. माझ्या वहीतल्या एकाही पानावर हे लिहिलेलं नव्हतं.

तरी आणखी दोन वर्षं गेली. २००१ च्या मे महिन्यात साकीनाक्याला एक जुना लेथ बघितला, पंजाबातल्या बटाल्याचा, साडेसहा फुटी, ऑल गिअर. बासष्ट हजार. जुना लेथ घेताना लोक रंग बघतात. रंग बघू नका. कॅरेज, म्हणजे हत्यार घेऊन सरकणारा भाग, जॉब पकडणाऱ्या चकाजवळ सैल आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे नेताना जड लागत असेल तर खालचा बेड चकाजवळ घासलाय, कारण सगळं आयुष्य काम तिथेच झालेलं असतं. स्पिंडलमध्ये टेस्ट बार घाला, डायल (काट्याचं मापक) लावा, हाताने फिरवा. क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, नट बदलून जातो, बेड बदलता येत नाही. हा लेथ चांगला होता. मी पूर्ण पैसे दिले आणि मशिन चार महिने विकणाऱ्याच्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. गाळा बघतोय म्हणून सांगायचो. जून-जुलैच्या हवेत बेडवर तांबूस ठिपके यायला लागले. मग दर रविवारी तेलाचा डबा आणि कॉटन वेस्ट घेऊन मी ठाण्याहून साकीनाक्याला जायचो, बेड पुसायचो, तेल लावायचो, ताडपत्री बांधून परत यायचो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बायकोने विचारलं, बुडलं तर किती बुडेल? आकडा सांगा. मी म्हटलं, सगळंच. ती म्हणाली, सगळंच म्हणजे किती?

आठ वर्षं मी फायद्याचे हिशोब मांडले होते, हा एकदाही मांडला नव्हता. तिथेच जेवणाच्या ताटाशेजारी वहीचं पान फाडून बसलो. लेथ बासष्टला घेतला, मोडीत काढावा लागणार नाही, पंचेचाळीसला कुणीही नेईल. म्हणजे सतरा गेले. क्रेन, टेम्पो, फाउंडेशन सहा. अर्धा गाळा भाड्याने मिळत होता, महिना अडीच हजार, सहा महिने धरले तर पंधरा. डिपॉझिट परत मिळणार. बेरीज अडतीस हजार. माझा पगार तेव्हा सात हजार दोनशे होता. सव्वापाच महिन्यांचा पगार! ज्या भीतीने मी आठ वर्षं थांबलो, ती सव्वापाच महिन्यांच्या पगाराएवढी होती. आणि ड्रॉइंग वाचता येणाऱ्या टर्नरला ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुठेही काम मिळत होतं, माझ्या कंपनीचंच गेट कशाला हवं?

भीती गेली नाही. मशिन उतरवताना क्रेनचा पट्टा ताणला गेला तेव्हा माझे पाय थरथरत होते. पण अडतीस हजारांची भीती बाळगून काम करता येतं. ‘सगळंच’ जाईल या भीतीने आठ वर्षं काही करता आलं नव्हतं.

नोकरी लगेच सोडली नाही. पहिल्या कटला कुणी फायनल साइजला जात नाही. थोडं मटेरियल ठेवायचं, थांबायचं, मोजायचं. मी फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. साडेतीनला सुटलो की चारला गाळ्यात, रात्री अकराला घरी. पहिला दसरा केला तेव्हा वडील आले होते. आदल्या दिवशी खंडेनवमीला मायक्रोमीटर, व्हर्नियर, चकाची चावी, सगळं पाटावर मांडून पूजा केली होती, ते तसंच होतं. वडील लेथभोवती एक फेरी मारून आले, चक हाताने फिरवून बघितला आणि विचारलं, पट्टा कुठाय? त्यांना साच्याचा पट्टा आठवत होता. नोकरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सात महिन्यांनी मी राजीनामा दिला.

त्यानंतरची दहा-अकरा वर्षं बरी गेली. दुसरा लेथ, मग पूर्ण गाळा, मग २००९ ला बँकेचं कर्ज काढून पहिलं सीएनसी.

२०१३ चा मे मात्र सविस्तर सांगायला हवा. एका मोठ्या कंपनीचं जॉबवर्क होतं, एसएस-३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह (नळकांडी), सहाशे नग, मटेरियल त्यांचं. बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, एच-सेव्हन, म्हणजे ६०.०० ते ५९.९७. आमच्याकडे प्रत्येक नग मोजला होता, ५९.९८ येत होता. लॉट गेला आणि चौथ्या दिवशी पूर्ण लॉट रिजेक्ट. त्यांच्या एसी रूममध्ये माप येत होतं ५९.९६.

मी त्यांच्या क्वालिटीवाल्याशी भांडलो, त्यांचं मीटर चुकलंय म्हटलं. परत आलेल्या गोणीतले दहा नग काढून मोजले, ५९.९६. मग सीएनसीवर एक नवा नग काढला, मशिनमधून उतरल्या उतरल्या मोजला, ५९.९८. तोच नग पंख्याखाली ठेवला, दोन तास समोर बसून राहिलो आणि पुन्हा मोजला. ५९.९६. कूलंटच्या, म्हणजे जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, पंपाची जाळी गाळाने भरली होती, धार नीट पडत नव्हती आणि नग गरम निघत होता. तीनशे-चार एका मीटरला एका अंशामागे सतरा मायक्रॉन वाढतं. ६० मिलिमीटरवर वीस अंशांचा फरक म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश. माप नेहमी २० अंश सेल्सिअसला धरतात, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. चूक माझी होती. जास्त असता तर घासून दिला असता, पण कमी झालेल्या मापाला कुणाकडे उपाय नाही.

चूक माझी, हे मी त्यांना लिहून दिलं. पण पुढे जे झालं ते मी विसरलेलो नाही. मटेरियलची दोन लाख तीस हजारांची डेबिट नोट आली, ती मान्य. त्याबरोबर आधीच्या, पास झालेल्या लॉटचे चार लाख दहा हजारसुद्धा अडवले, सात महिने. आज मॅनेजर नाही, उद्या सिस्टिम बंद आहे. माझा सीएनसीचा हप्ता तेवीस हजार. आणि तेच काम आठवड्याच्या आत माझ्या जुन्या सोबत्याकडे गेलं, नगामागे तीन रुपये कमी रेटने. माझा एक ऑपरेटरही त्याच्याकडे गेला. सोबती रस्त्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, धंदा आहे. हो, धंदा आहे. मी त्या दिवसापासून त्याच्या गल्लीतून जात नाही, लांबून जातो.

इथे लहान गाळेवाल्यांना कळकळीने सांगतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण त्यासाठी तुमची नोंदणी काम करून देण्याच्या आधीची हवी. तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात मेमोरँडम भरावं लागायचं. मी भरलं नव्हतं, कोण जाणार, म्हणून. आता उद्यम नोंदणी घरबसल्या, फुकट होते. नंबर प्रत्येक बिलावर छापा.

त्या जूनमध्ये मी गाळा बंद करायचा हिशोब मांडत होतो. पुन्हा तोच कागद, बुडलं तर किती. या वेळचा आकडा अडतीस हजार नव्हता. त्यात उत्तनचे नाखवा, म्हणजे मासेमारी बोटीचे मालक, आले.

नाखवा माझे २००४ पासूनचे गिऱ्हाईक. पहिल्यांदा आले ते बोटीचा शाफ्ट टेम्पोत घालून. बुशाच्या (ज्या कड्यात तो फिरतो त्याच्या) जागी झिजून खाल्लेला होता. तीन ठिकाणी त्यांना वेल्डिंग भरून टर्न करून देतो म्हणाले होते, स्वस्तात. मी म्हटलं, भरू नका, वेल्डिंगने शाफ्ट वाकेल आणि तिथेच तुटेल, भर समुद्रात. नवा घ्या. त्यांना माझा रेट आवडला नाही, पण काम दिलं. लांब शाफ्ट बेडवर बसत नाही. पोकळ स्पिंडलमधून मागे काढायचा, पुढे आधाराला स्टेडी लावायची, मग व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलने सरळपणा बघायचा. नाखवा दिवसभर डायलचा काटा बघत स्टुलावर बसून होते. तेव्हापासून पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की त्यांचा फोन येतो. नारळी पौर्णिमेच्या आत बोट तयार हवी, म्हणून त्या दोन महिन्यांत तिथे प्रत्येकाला घाई. आणि आम्हा गाळेवाल्यांना तेच दिवस मंदीचे.

त्या वर्षी त्यांनी गाळ्यात बघितलं, एकच मशिन चालू. काय झालं विचारलं, मी सगळं सांगितलं, नग गरम मोजल्याचंही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले. तिसऱ्या दिवशी अकरा बोटींची मापं घेऊन आले, शाफ्ट आणि गनमेटलचे बुश. पिशवीतून ऐंशी हजार रुपये काढून टेबलावर ठेवले. माझ्याकडे पावती पुस्तकही हाताशी नव्हतं. म्हणाले, तू आपली चूक आपल्या तोंडाने सांगितलीस, तुझा शाफ्ट मी डोळे मिटून लावीन. दीड महिना आम्ही दोन शिफ्ट चालवल्या. त्या पैशांत दोन हप्ते आणि पोरांचे थकलेले पगार निघाले. डिसेंबरमध्ये कंपनीचे अडकलेले पैसे डेबिट कापून आले, तोवर आम्ही उभे होतो. त्या कंपनीचं काम मी पुन्हा घेतलं नाही. दोनदा विचारणा आली होती.

आता आमच्याकडे लोखंडी टेबलावर जाळीचे ट्रे आहेत. नग तासभर तिथे राहतो, माप ताडून बघायचा मास्टरही त्याच टेबलावर, त्याशिवाय कुणी इन्स्पेक्शन शीटवर सही करत नाही. नवीन पोरगा कंटाळतो. त्याला मी पंख्याखाली ठेवलेल्या त्या नगाची गोष्ट सांगतो.

आमच्याकडचा सर्वांत चांगला सेटर (मशिनवर जॉब लावून देणारा) गेले चार महिने दर रविवारी रबाळ्याला एक जुनं टर्निंग सेंटर, म्हणजे सीएनसी लेथ, बघायला जातो. मला कळलं ते दुसऱ्याकडून. मी त्याला बोलावलं, तो घाबरला. त्याला म्हटलं, फायद्याचा कागद आणू नकोस, बुडालं तर किती, तो आण. गेल्या आठवड्यात आणला. मशिनची पुन्हा विक्री त्याने बरोबर धरलीय, वीजजोडणीचं डिपॉझिट विसरलाय आणि भाडं फारच कमी धरलंय. रबाळ्यात त्या भावात आता गाळा मिळत नाही. या रविवारी बसून दोघं दुरुस्त करणार आहोत. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचं छोटं काम माझ्याकडून त्याला जाईल, गिऱ्हाइकाशी मी स्वतः त्याच्यासमोर बोलून ठेवलंय. नाखवांचं काम मात्र इथेच राहील, हेही त्याला सांगितलंय.