सरबताचा पाक तिसऱ्या खेपेला जमला

चैत्र पौर्णिमेला आमच्या गावची जत्रा असते. गेल्या वर्षी बचत गटातर्फे लिंबू सरबताचा गाडा लावला आणि पहिल्याच दिवशी कळलं, बर्फाच्या पाण्यात साखर लवकर विरघळत नाही. कितीही ढवळा, निम्मी तळाशीच. सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणायची आंबट आहे, शेवटच्यांना नुसतं गोडमिट्ट. पैसे मोजून घेणाऱ्याच्या हातात तो पेला देताना जीव कसनुसा व्हायचा.

म्हणून यंदा पाक करूनच न्यायचं ठरवलं. बुंदीच्या, रव्याच्या लाडवांचे पाक मी डोळे मिटून करते, पण सरबताचा पाक वेगळा, हे करून बघितल्यावर समजलं. जत्रेच्या तीन आठवडे आधी वाटीला वाटी साखर-पाणी घेतलं, एक उकळी काढली, बाटलीत भरलं. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आणि वर बारीक फेस. इतका पातळ पाक उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ठेवायचाच नाही.

दुसऱ्या वेळी 1 किलो साखरेला अर्धा लिटर पाणी घेतलं आणि घट्ट व्हावा म्हणून वीस मिनिटं खळखळून उकळला. बोटांत एकतार आली, मी खूश. दोन दिवसांनी डब्याच्या तळाशी खडीसाखर! अगदी पैलूदार, उलथन्याने खरवडून काढावी लागली. साध्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅमच साखर मावते. माझं प्रमाण मुळातच काठावरचं, त्यात उकळून पाणी उडालेलं. जास्तीची साखर खडे धरून बाहेर पडणारच. लाडवाला तार हवी, सरबताला ती येऊ द्यायची नाही.

तिसऱ्या वेळी प्रमाण तेच ठेवलं, पण पातेलं साखर-पाण्यासकट वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घेतला. मंद आचेवर साखर विरघळू दिली, झाकण ठेवून एकच उकळी काढली. झाकणामुळे वाफेचं पाणी कडेवरून ओघळतं आणि तिथे चिकटलेले दाणे धुऊन निघतात. असा एक दाणा राहिला तरी त्याच्याभोवती खडा धरतो. उकळी येताना अर्धं लिंबू पिळलं. आंबटपणाने थोडी साखर फुटते आणि पाक सहसा दाणेदार होत नाही. उतरवल्यावर पुन्हा वजन केलं, जितकं घटलं तितकं उकळतं पाणी घातलं, मलमलच्या फडक्यातून गाळून कोरड्या बाटल्यांत भरलं. दहा दिवसांनीही पाक काचेसारखा स्वच्छ होता.

जत्रेत 200 मिलीच्या पेल्याला दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली पाक घालत होतो. एक किलो साखरेच्या पाकात 35 पेले सहज झाले. एक आजी म्हणाल्या, "पोरी, मला गोड कमी घाल." त्यांना एकच चमचा घातला. त्या सावकाश प्यायल्या आणि नातवासाठी आणखी एक पेला मागून घेतला, त्याला मात्र दोन चमचे. शेवटची अर्धी बाटली उरली होती, ती आता घरी कोकमाच्या आगळात घालतेय.