फाट्यावरचा रस्ता

आमच्या गावच्या फाट्यावरून एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला हैदराबाद. पांढरकवड्याच्या बाजारापलीकडे या हायवेचं आम्हाला फारसं काम पडत नाही. २०१० साली त्याचा नंबर ७ चा ४४ झाला, जुनी माणसं मात्र अजून 'सात नंबर'च म्हणतात. हाच रस्ता थेट कन्याकुमारीला जाऊन संपतो. यंदा दिवाळीनंतर, कापसाचा पहिला वेचा घरात आला आणि आम्ही गाडी काढली. दीड हजार किलोमीटरच्या वर जायचं, पण रस्ता चुकायचं भ्या नाही.

कन्याकुमारीचं काय सांगायचं? समुद्र, विवेकानंदांचं शिलास्मारक, १३३ फुटांचे तिरुवल्लुवर आणि भरपूर गर्दी. माझ्या मनात राहिला तो तमिळनाडूतला सेलम-नामक्कलचा पट्टा. तिरुचेंगोड तिथून जवळच, बोअर खोदणाऱ्या गाड्यांचं गाव. आमच्याकडे उन्हाळ्यात वावरात येतात त्याच त्या गाड्या. पोरं रात्रभर मशीन चालवतात, धुळीनं पांढरी होतात, गाडीखालीच भात शिजवून तिथंच लवंडतात. चहाच्या टपरीवर असाच एक ड्रायव्हर भेटला. आमच्या गाडीची यवतमाळची एमएच २९ पाटी पाहून हसला अन् 'यवतमाल, वनी, हिंगनघाट' अशी नावं मोजायला लागला. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, पावसाळा लागला की आम्ही घरी. म्हणजे आमचा फाटा त्याच्यासाठी परमुलूख, आणि आम्ही ज्याला सहल म्हणत होतो तो त्याचा दरसालचा धंदा.

परतताना मात्र गाडीतली वागणूकच बदलली. जाताना देऊळ दिसलं, थांबा. नारळपाणी दिसलं, थांबा. येताना कोणी थांबा म्हणेना. इडली-डोशाचं नाव काढलं तरी पोरं तोंड फिरवत. अनंतपूरची लाल माती गेली, हैदराबादचे ते एकावर एक रचल्यासारखे दगड गेले. गोदावरी ओलांडली, निर्मलचा घाट मागं पडला आणि जमीन काळी व्हायला लागली. आदिलाबादेत चहावाला सरळ मराठीतच बोलला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बंड्या जिनिंगकडे निघालेल्या. तेलंगणा संपायचा होता, पण आईनं तेव्हाच पायात चपला घालून पिशवी मांडीवर घेतली. पैनगंगेच्या पुलावर तिनं हात जोडले. राज्याची हद्द तिथं असेल. आमचं घर त्याच्या बरंच अलीकडे सुरू झालं होतं.

घरी पोचलो तर काकूनं चूल पेटवलेली. ज्वारीची गरम भाकर, चून म्हणजे बेसनाचं पिठलं, वर सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पेरलेला, आणि जवसाच्या चटणीत तेलाची धार. काही वेळ कोणी कोणाशी बोललं नाही.

मग ओसरीवर माणसं जमली. समुद्र किती मोठा, पाणी खारं काहून, सगळं विचारून झालं. मी बोअरच्या गावाचं सांगतलं तसा आमचा काका सावरून बसला. त्याच्या वावरात मागच्या उन्हाळ्यात बोअर कोरडी गेलेली.

"त्याईच्या गावात जाऊन आला ना बाप्पा तू? मंग माह्या बोअरले पाणी काहून नाही लागलं, थे इचारलं काय?"

"नाही काका."

"मंग गेला कायले होता इतक्या दूर?"