पेरलं सोयाबीन, पैसे मक्याचे

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ज्या छोट्या गावात मी शेतकऱ्यांचे टॅक्स रिटर्न भरते, तिथे आमची सुगी फेब्रुवारीत असते. आगाऊ कर न भरल्याचा दंड टाळायचा तर शेतकऱ्याने १ मार्चपर्यंत रिटर्न भरून सगळा कर चुकता करायचा. मग बुटांच्या खोक्यांत कोंबलेले कागद माझ्या टेबलावर येतात. त्यातच सरकारी अनुदानाचा १०९९-जी नावाचा कागद असतो.

२०१६ साली तो कागद मी पहिल्यांदा हातात घेतला आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला लगेच फोन लावला. म्हटलं, काहीतरी घोळ आहे, त्या तुकड्यात तुम्ही सोयाबीन पेरलंत आणि पैसे मक्याचे आलेत. तो पोटभर हसला. पैसे पेरलेल्या पिकावर नसतातच, ते 'बेस एकर'वर. म्हणजे त्या जमिनीत पूर्वी काय पेरलं जायचं, याची सरकारदरबारी झालेली नोंद. त्यातल्याही ८५ टक्केच एकरांवर. आणि आलेले पैसे २०१४ च्या पिकाचे होते, मिळाले २०१५ च्या ऑक्टोबरनंतर. तोवर तो मका कुठल्या डुकरांनी खाल्ला असेल कोण जाणे.

खरी गंमत कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, हद्दीची. त्याने निवडलेल्या योजनेत स्वतःच्या शेतात किती पिकलं याला किंमतच नाही. अख्ख्या कौंटीचं सरासरी एकरी उत्पादन आणि देशभरातला भाव यांचा गुणाकार करायचा. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट वर्ष सोडून जी सरासरी येते, तिच्या ८६ टक्क्यांखाली हा आकडा गेला तरच पैसे. त्यालाही १० टक्क्यांचं झाकण. (हे तेव्हाचे आकडे, आता वाढलेत.)

त्याच्या पुतण्याचं शेत खडीच्या रस्त्यापलीकडे, शेजारच्या कौंटीत. त्या वर्षी गारांनी पुतण्याच्या मक्याच्या चिंध्या झाल्या, पण त्याच्या कौंटीची सरासरी उत्तम, म्हणून अनुदान शून्य. काकाचा मका झकास, तरी काकाला चेक. गारपिटीसाठी विमा असतो, तो भाग वेगळा, पण थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ही गोष्ट निघायचीच. वर आणखी एक गाठ: तेव्हा जमीन कुठे आहे यापेक्षा तिची फाइल कुठल्या कौंटीच्या ऑफिसात आहे हे बघितलं जायचं. २०१८ च्या कायद्याने ते बदललं. आता जमीन जिथे, तिथला दर.

त्याच २०१८ साली चीनशी व्यापाराचं भांडण पेटलं आणि नुकसानभरपाई जाहीर झाली. सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल म्हणजे धान्याचं इथलं माप) १.६५ डॉलर, मक्याला बुशेलमागे एक सेंट! म्हणजे वीस हजार बुशेल, पाचशे टनांहून जास्त मका, त्याचे दोनशे डॉलर. ट्रॅक्टरची टाकीही भरायची नाही. मी आकडा तीनदा तपासला.

मला स्वतःला जास्त खटकतं ते खंडाचं. बटईने जमीन दिली तर अनुदानातही मालकाचा वाटा असतो. रोख खंड असेल तर सगळं अनुदान कसणाऱ्याला, असं कागदावर. पण चेक आल्याची बातमी शिकागोत राहणाऱ्या मालकिणीपर्यंत पोचते आणि पुढच्या करारात एकरी खंड वाढलेला असतो. वाढलेल्या खंडाच्या पावत्याही माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे पैसा कुठून आला आणि कुठे गेला, दोन्ही दिसतं.

बातमी पोचणं अवघड नाहीच. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने १९९५ पासूनची अनुदानं नावानिशी इंटरनेटवर टाकली आहेत. कौंटी निवडायची, यादी हजर. गावात कुणीही ती बघत नाही, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा आकडा पाठ.

आमचा म्हातारा कॉम्प्युटरला हात लावत नाही. यंदा खोकं ठेवून झाल्यावर खुर्ची माझ्या बाजूला सरकवून म्हणाला, "जरा ती यादी उघड." मी त्याचं नाव टाइप करायला लागले.

"माझं नको गं," तो म्हणाला, "पुतण्याचं बघ."